नॉर्थवेस्टर्नमधून नाटक शिकलेली माणसं इतकी पुढे कशी जातात? मुलीला तिथे पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, तिला अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नाटक शिकायचंय आणि ती तुम्हाला स्टीफन कोल्बेअर, डेव्हिड श्विमर, सेथ मायर्स अशी तिथून शिकलेल्या, टीव्हीवर गाजलेल्या कलाकारांची नावं दाखवते. ही माणसं तिथल्या शिक्षणामुळे पुढे आली का, आणि आपल्या मुलीला त्याचा उपयोग होईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

शिक्षणाचा फायदा त्यांना नक्की झाला. पण अभिनयाच्या तासांपेक्षा जास्त श्रेय मी विद्यार्थ्यांनी स्वतः उभ्या केलेल्या नाटकांना, शेजारच्या शिकागो शहराला आणि कथा-कादंबरी रंगमंचावर आणायच्या तिथल्या एका जुन्या पद्धतीला देईन.

आधी त्या यादीबद्दल. प्रसिद्ध माजी विद्यार्थी म्हणून जी नावं घेतली जातात त्या सगळ्यांनी पदवी पूर्ण केलेली नाही. अभिनेता वॉरन बेटीने पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ सोडलं. अभिनेत्री पॅट्रिशिया नीलही मधेच बाहेर पडली आणि १९४७ साली, टोनी हे अमेरिकन रंगभूमीचे मानाचे पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले तेव्हा, तिला तो मिळाला. ज्युलिया लुई-ड्रायफस १९८२ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमासाठी शिक्षण सोडून गेली; विद्यापीठाने तिला २००७ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. गायिका-अभिनेत्री हेदर हेडलीने शेवटचं वर्ष केलंच नाही. पदवीच्या कागदाने यांचं काही अडलं नाही, तिथे घालवलेली वर्षं मात्र कामी आली. शिवाय यादीत न येणारे कितीतरी जण कास्टिंग, निर्मिती व्यवस्थापन, शाळेत नाटक शिकवणं, टीव्ही लेखन अशा कामांत स्थिरावतात. पालकांनी त्यांच्याकडेही यश म्हणूनच बघावं असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठ एव्हन्स्टनमध्ये आहे, शिकागोला उत्तरेकडून अगदी लागून. १८७८ मध्ये रॉबर्ट कम्नॉक यांनी तिथे वक्तृत्वाची शाळा काढली. १९२१ मध्ये तिचं स्कूल ऑफ स्पीच झालं आणि २००२ मध्ये स्कूल ऑफ कम्युनिकेशन. म्हणून नाटक, रेडिओ-टीव्ही-चित्रपट, परफॉर्मन्स स्टडीज (सादरीकरणाचा अभ्यास), संवादशास्त्र, इतकंच काय, वाचादोष आणि श्रवणदोषांवरचा अभ्याससुद्धा एकाच छपराखाली चालतो. नटाला संकलन करणारे आणि पटकथा लिहिणारे मित्र पहिल्या वर्षापासून मिळतात ते यामुळे. सेथ मायर्स मुळात रेडिओ-टीव्ही-चित्रपट विभागाचा, १९९६ चा पदवीधर. त्याची विनोदाची तयारी झाली ती ‘मी-आउ शो’ या विद्यार्थ्यांच्या विनोदी कार्यक्रमात.

नाटकाच्या पदवीसाठी तिथे प्रवेशाला ऑडिशन नसते. गुण, निबंध, शिफारसपत्रं यांवर निवड होते. संगीत नाटकाच्या विशेष अभ्यासक्रमासाठी ऑडिशन असते, तीही आत गेल्यावर. अभ्यासक्रम निव्वळ नटांच्या कार्यशाळेसारखा नाही. इतिहास, विज्ञान, भाषा असे विषय घ्यावेच लागतात आणि पडद्यामागचं कामही करावं लागतं. मुलीला दिवसभर फक्त अभिनयच करायचा असेल तर ही जागा तिच्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.

नेहमी घडणारी अडचण इथूनच सुरू होते. शाळेत प्रत्येक नाटकात मुख्य भूमिका केलेली मुलं तिथे येतात आणि पहिल्या वर्षी त्यांना छोटीशी भूमिकाही मिळत नाही, कारण रांगेत उभं असलेलं प्रत्येक मूल तसंच असतं. काही जण खचून सगळ्यातून अंग काढून घेतात. जे टिकतात ते प्रकाशयोजनेच्या बोर्डावर बसतात, प्रॉप्स गोळा करतात, रंगमंच व्यवस्थापकाच्या हाताखाली कामाला लागतात. दुसऱ्या वर्षी दिग्दर्शन करणाऱ्या मुलांना हेच चेहरे आठवतात.

तिथे सेमिस्टर नसतं, साधारण दहा आठवड्यांची क्वार्टर असते. विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळाकडे आधीच प्रस्ताव द्यावा लागतो: संहिता, जागा, खर्चाचा अंदाज, कोण काय करणार. मग क्वार्टरच्या सुरुवातीला ऑडिशन, पुढे पाच-सहा आठवडे तालीम, त्यानंतर सेट आणि लाइट लावणं, तांत्रिक तालीम, आणि शेवटी दोन-तीन दिवसांत सगळे प्रयोग. फसतं ते ठरलेल्या ठिकाणी. प्रयोगाचे हक्क विकत घ्यायला उशीर होतो, सगळे पैसे सेटवर जातात आणि लाइटसाठी काही उरत नाही, किंवा प्रयोग आणि परीक्षा एकाच आठवड्यात येतात. हे तीन-चार वेळा निस्तरलेल्या मुलाला बाहेर पडल्यावर संस्था काढायला भीती वाटत नाही.

म्हणूनच तिथून नट निघतात तशा संस्थाही निघतात. १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘प्रॅक्टिकल थिएटर कंपनी’ काढली. १९८२ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने तिच्यातली चार माणसं एकदम उचलली, ज्युलिया त्यांपैकी एक. १९८८ मध्ये श्विमर आणि त्याच्या बरोबरच्या पदवीधरांनी शिकागोत ‘लुकिंगग्लास’ ही नाट्यसंस्था सुरू केली. तिला २०११ मध्ये प्रादेशिक नाट्यसंस्थेचा टोनी मिळाला. २०२३ मध्ये मात्र तिलाही प्रयोग थांबवून निम्म्याहून जास्त कर्मचाऱ्यांना कमी करावं लागलं. अमेरिकेत नामवंत संस्थेचीही आर्थिक घडी किती नाजूक असते, हे मुलीला माहीत असू द्या.

शिकागोचा वाटा तितकाच मोठा. एव्हन्स्टनहून पर्पल लाइनची लोकल पकडायची, हॉवर्डला रेड लाइनमध्ये बसायचं, की छोट्या थिएटरांच्या भागात पोचता येतं. कोल्बेअर आधी व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात दोन वर्षं होता, तिथून बदली घेऊन आला आणि १९८६ मध्ये पदवीधर झाला. त्यानंतर त्याने शिकागोतल्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेत फोन घ्यायची आणि तिकिटाच्या खिडकीवरची नोकरी धरली, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांना इम्प्रोव्हायझेशनचे, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल ते सादर करण्याचे, वर्ग फुकट करता यायचे. मग फिरत्या कंपनीत बदली नट म्हणून घेतलं, तेही स्टीव्ह कॅरेलच्या जागी उभं राहायला. ‘लेट शो’ हा रात्रीचा टीव्ही कार्यक्रम त्याच्याकडे आला २०१५ मध्ये. मधली जवळजवळ तीस वर्षं मुलीला आवर्जून वाचायला सांगा.

आता त्या जुन्या पद्धतीबद्दल. वक्तृत्वाच्या शाळेतून पुढे साहित्याचं वाचिक सादरीकरण शिकवणारा विभाग तयार झाला. तिथे रॉबर्ट ब्रीन या प्राध्यापकांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ‘चेंबर थिएटर’ विकसित केलं. कथेतलं निवेदन गाळायचं नाही, तृतीय पुरुष आणि भूतकाळ तसाच ठेवायचा, आणि निवेदनाची वाक्यं पात्रांत वाटायची, हे तिचं सूत्र. याच परंपरेत तयार झालेल्या फ्रँक गलाटी यांना स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीच्या रूपांतरासाठी आणि दिग्दर्शनासाठी १९९० मध्ये दोन टोनी मिळाले. दिग्दर्शिका मेरी झिमरमन यांनी पदवीपासून डॉक्टरेटपर्यंत सगळं तिथेच केलं. त्यांचं ‘मेटामॉर्फोसेस’ १९९६ मध्ये विद्यापीठातच आकाराला आलं, मग ‘लुकिंगग्लास’ने केलं आणि २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांना दिग्दर्शनाचा टोनी मिळाला. रंगमंचावर पाण्याचा तलाव असलेलं ते हेच नाटक.

ही पद्धत कशी चालते ते चार वाक्यांवर बघा. समजा कथेत असं आहे: ‘शालिनीने दार उघडलं. बाहेर भावोजी उभे होते. आता हे काय मागायला आले, असं तिच्या मनात आलं. पण ती म्हणाली, या ना, चहा टाकते.’ नेहमीचा रूपांतरकार शेवटचा संवाद ठेवतो आणि बाकीचं गाळतो, की शालिनीची शंका गेली. चेंबर थिएटरमध्ये पहिलं वाक्य शालिनी स्वतःच प्रेक्षकांकडे बघून म्हणते, दुसरं भावोजी म्हणतात, तिसरं निवेदक तिच्या अगदी मागे उभा राहून म्हणतो आणि चौथ्यात ती भावोजींकडे वळते. आता तिसरं वाक्य भावोजींच्या तोंडी देऊन बघा. आपण इथे नकोसे आहोत हे त्यांना ठाऊक आहे, असं दिसायला लागतं. शब्द एकही बदललेला नाही, नातं मात्र बदललं.

यात चुका ठरलेल्या होतात. ‘ती’चं ‘मी’ केलं जातं आणि पात्राने स्वतःकडे लांबून बघायची गंमत संपते. दुसरी चूक म्हणजे बोललेलं लगेच हावभावांनी दाखवणं. ‘तिने कप उचलला’ म्हणताना कप उचलायची गरज नसते, दुसरीकडे बघत उभं राहिलं तरी चालतं, कित्येकदा तेच जास्त बोलतं. तिसरी, निवेदकाला कोपऱ्यात स्टँडमागे कायमचं उभं करणं. अभिवाचनं ऐकणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला ही पद्धत अजिबात परकी वाटणार नाही.

खर्च आणि व्हिसाकडे दुर्लक्ष करू नका. फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर लागतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मर्यादित मिळते. मदत हवी असेल तर प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मागा, नंतर मागू असं म्हणू नका. पदवीनंतर एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर ओपीटी नावाची १२ महिन्यांची कामाची मुभा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नाटकाला नाही. या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. कलाकारांना लहान-लहान कामं जोडून ही अट पाळता येते, पण प्रत्येक कामाची तारीख, कालावधी आणि संस्था यांची नोंद ठेवावी लागते. पुढे राहायचं तर बहुतेकांना ओ-१ या, असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठी असलेल्या व्हिसाचा मार्ग धरावा लागतो. त्याला छापून आलेली परीक्षणं, नामवंत संस्थांतल्या महत्त्वाच्या भूमिका, जाणकारांची पत्रं आणि अर्ज भरणारा अमेरिकेतला एजंट किंवा संस्था लागते. ही कात्रणं पहिल्या वर्षापासून जमवावी लागतात. शेवटच्या सहा महिन्यांत फाइल उभी राहत नाही.

एवढा पैसा कर्जाने उभा करावा लागणार असेल तर माझं मत आहे की पदवीसाठी पाठवू नका. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. मुक्ता बर्वे तिथलीच विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्स अकादमीत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतर करता येतो, त्यात विद्यावेतन मिळतं, पण आधी नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. इथे पाया घालून पुढे पदव्युत्तर शिक्षणाला अमेरिकेत जाणं जास्त परवडतं.

पाठवायचं ठरलंच तर निर्णय नोव्हेंबरच्या आधी करा, कारण तिकडचा लवकरचा प्रवेश-अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातो आणि नेहमीचा जानेवारीच्या सुरुवातीला. लवकरचा अर्ज बांधील असतो: प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे पैशांचं गणित जमलं नसेल तर तो भरू नका. त्याआधीच्या महिन्यांत तिला मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं लागतील अशी एक मराठी कथा निवडू द्या, लेखकाची परवानगी घ्यायला लावा आणि चार जणांत वर सांगितल्याप्रमाणे बसवू द्या. उभी केल्यावर ती वीस-पंचवीस मिनिटांची होईल. शाळेचा एक वर्ग आणि चार खुर्च्या पुरतात. परवानगी, वेळापत्रक, भांडणं आणि प्रयोग हे सगळं तिने स्वतः पार पाडलं, तर अर्जाच्या निबंधात लिहायला तिच्याकडे खरं काही असेल, आणि हे काम तिला झेपतं का आणि आवडतं का हे तुम्हालाही घरबसल्या कळेल.