'आला असता' आणि 'आला असता तर': जॉन मॅकेन यांच्या निमित्ताने

जॉन मॅकेन म्हणजे व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामच्या कैदेत राहिलेले वैमानिक, पुढे अमेरिकेचे सिनेटर आणि २००८ मध्ये ओबामांकडून हरलेले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. त्यांच्यावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने दोन वाक्ये पाठवली आहेत. पहिले: 'सुटकेचा प्रस्ताव आला असता मॅकेन यांनी तो नाकारला.' ते वाचून त्यांच्या मित्राचा समज झाला, की असा प्रस्ताव आलाच नव्हता. दुसरे: 'जर २००८ मध्ये मॅकेन जिंकले असते तर अमेरिकेचे काय होईल?' हे खटकते, पण का ते सांगता येत नाही, असे ते म्हणतात. शिवाय 'युद्धबंदी' लिहावे की 'युद्धकैदी', हाही प्रश्न आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. मराठीत 'युद्धकैदी'च लिहावे. हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे युद्धात पकडलेला सैनिक. मराठीत मात्र 'बंदी' शब्द दारूबंदी, नसबंदी, गावबंदी यांच्या रांगेत बसतो आणि 'युद्धबंदी' म्हणजे लढाई थांबणे. काश्मीरमधल्या 'युद्धबंदी रेषे'विषयी आपल्या दोन पिढ्यांनी वाचले आहे, आणि १९७१ नंतर '९३ हजार युद्धकैदी' हे शब्दही तितकेच रुळले. मॅकेन यांच्या बाबतीत तर घोटाळा हमखास होईल. व्हिएतनाम युद्धासंबंधीच्या २७ जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारात युद्धबंदी होती आणि साठ दिवसांत युद्धकैदी परत करण्याचे कलमही होते. एकच शब्द दोन्हीकडे वापरला, तर वाचकाने काय समजावे?

'युद्धकैदी' शब्दाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. हा नुसता वर्णनाचा शब्द नाही, तो कायद्याने दिलेला दर्जा आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैदी हा गुन्हेगार नसतो. उत्तर व्हिएतनामने त्या करारात सहभागी होऊनही पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांना हा दर्जा नाकारला. ते युद्धगुन्हेगार आहेत, अशी हनोईची, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारची, भूमिका होती. म्हणून लेखात नुसते 'कैदी' किंवा 'बंदिवान' लिहिले, तर ज्या मुद्द्यावर तेव्हा वाद होता तोच पुसला जातो.

आता 'असता'कडे येऊ. पहिले वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. वर्तमानपत्रात रोज दिसणारे 'याबाबत विचारले असता त्यांनी बोलण्यास नकार दिला' हे वाक्य आठवा. कुणीतरी खरोखर विचारलेले असते. हा 'असता' म्हणजे 'तेव्हा', 'त्या वेळी'. तो घडलेल्या गोष्टीला चिकटतो आणि स्वतः कधीही बदलत नाही: पत्र आले असता, बातमी आली असता, मी गेलो असता. दुसरा 'असता' न घडलेल्या गोष्टीचा, शाळेतल्या व्याकरणात ज्याला संकेतार्थ म्हणत त्याचा. तो लिंग, वचन, पुरुष यांप्रमाणे बदलतो: पत्र आले असते तर, बातमी आली असती तर, मी गेलो असतो तर.

म्हणजे बहुतेक ठिकाणी दोघांची गाठ पडतच नाही. ती पडते मुख्यतः तृतीयपुरुषी पुल्लिंगी एकवचनात, आणि तुमचा 'प्रस्ताव' नेमका तिथेच आला. 'सुटकेची संधी आली असता' लिहिले असते, तर मित्राचा गैरसमज झाला नसता. 'असती' नाही म्हणजे संधी खरीच आली होती, हे कानाला आपोआप कळले असते. बोलताना हा गोंधळ फारसा होत नाही, कारण घडलेल्या गोष्टीसाठी आपण 'आला तेव्हा' म्हणतो. 'आला असता' हे लेखी मराठीचे वळण आहे, आणि ज्या लेखात जर-तरची वाक्ये पुढे येणारच आहेत तिथे ते टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे ते टाळणे फार गरजेचे आहे, कारण मॅकेन यांच्या आयुष्यातली ही घटना खरी आहे आणि तिच्यावरच बाकीचे सगळे उभे आहे. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी हनोईतल्या वीजकेंद्रावर हल्ला करताना त्यांचे विमान पडले. दोन्ही हात आणि एक पाय मोडलेल्या अवस्थेत ते शहरातल्या एका तळ्यात कोसळले. वय ३१. पुढच्या वर्षी, १९६८ च्या जुलैत, त्यांचे वडील पॅसिफिक विभागातल्या सर्व अमेरिकी दलांचे प्रमुख झाले. सेनापतीचा मुलगा आधी सोडला की प्रचाराला उत्तम, हा हनोईचा हिशेब, म्हणून सुटकेचा प्रस्ताव. पण जो आधी पकडला गेला तो आधी सुटेल, असा कैद्यांचा नियम होता, आणि त्यांच्याआधी पकडलेले अनेक जण आत होते. मॅकेन यांनी नकार दिला. त्यानंतर ऑगस्टमध्ये इतकी मारहाण झाली, की अखेर त्यांनी कबुलीजबाबावर सही केली. पुढे त्यांनी स्वतःच ते सांगितले. ते सुटले १४ मार्च १९७३ ला, जवळपास साडेपाच वर्षे कैदेत काढून. अशा माणसाने नाकारलेला प्रस्ताव वाचकाला 'आलाच नव्हता' असा वाटू देणे बरोबर नाही.

दुसऱ्या वाक्यात दोष आहे तो काळाच्या जोडणीचा. 'जिंकले असते' म्हटल्याबरोबर दार बंद झाले. मग 'काय होईल' विचारता येत नाही. ४ नोव्हेंबर २००८ ला मतदान चालू होते तोवर 'मॅकेन जिंकले तर काय होईल?' हे अगदी बरोबर वाक्य होते. आपल्याकडे ५ नोव्हेंबरची सकाळ उजाडली, ओबामा विजयी झाले (राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमधली अखेरची मते ३६५ विरुद्ध १७३), आणि तिथून पुढे बरोबर वाक्य एकच: 'जिंकले असते तर काय झाले असते?' आजच्या स्थितीबद्दल बोलायचे असेल, तर 'आज अमेरिका वेगळी असती' असा एकटा 'असती' पुरतो. 'जर' मात्र काढून टाका. मराठीत 'तर' पुरेसा असतो. दोन्ही घातले की वाक्य उगाच जड होते.

एक बारकावा. 'मॅकेन जिंकले असते' आणि 'मॅकेन यांनी निवडणूक जिंकली असती' ही दोन्ही चालतात. 'ने' किंवा 'नी' आला की क्रियापद कर्मामागे जाते: त्यांनी नकार दिला असता, सुटका स्वीकारली असती, पद घेतले असते.

नकारातही हेच: 'नसता, नसती, नसते'. ('नसती उठाठेव' मधली 'नसती' याच घरातली, पण ती आता विशेषण होऊन बसली आहे.) साखळी लांबली, की होकार-नकार जपून ठेवावे लागतात. उदाहरणार्थ: मॅकेन २००८ मध्ये निवडून आले असते, तर ओबामांचा २०१० चा आरोग्यविमा कायदा बहुधा त्या रूपात झाला नसता, तो झाला नसता, तर २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये अंगठा खाली करून, म्हणजे तो मोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध मत देऊन, तो वाचवण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती. यातला 'बहुधा' महत्त्वाचा आहे. 'असते' फक्त एवढेच सांगते, की गोष्ट घडली नाही. घडली असती तर पुढचे किती खात्रीने घडले असते, ते वेगळ्या शब्दाने सांगावे लागते. अमेरिकेच्या ताब्यातल्या कैद्यांच्या छळाबद्दल लिहिताना तुम्ही जास्त ठाम राहू शकता. अशी क्रूर वागणूक बंद करणारी, त्यांनी मांडलेली विधेयकातली दुरुस्ती २००५ मध्ये सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी उचलून धरली होती. 'मॅकेन यांनी छळाला मुभा दिली नसती' या वाक्याला 'बहुधा' लावण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

आणि लेखाच्या मांडणीबद्दल विचारलेले नसले तरी सांगतो. 'मॅकेन राष्ट्राध्यक्ष झाले असते तर' यापेक्षा 'मॅकेन यांनी १९६८ मध्ये सुटका स्वीकारली असती तर' हा प्रश्न मोठा आहे. २००८ चा निर्णय मतदारांच्या हातात होता, १९६८ चा त्यांच्या एकट्याच्या. त्या नकारामुळेच लोक त्यांना ओळखत होते, त्यामुळे तेव्हा होकार दिला असता, तर २००८ चे जर-तर विचारायलाही फारसे कुणी उरले नसते. पहिले वाक्य असे करा: 'सुटकेचा प्रस्ताव आला, तेव्हा मॅकेन यांनी तो नाकारला.' दुसरे: '२००८ मध्ये मॅकेन जिंकले असते, तर अमेरिकेचे काय झाले असते?' आणि या दोहोंच्या मध्ये १९६८ चा प्रश्न घाला.