डोंगराच्या निसर्गचित्रात आध्यात्मिक अर्थ कुठून येतो? नुसतं उंच शिखर काढलं की येतो का?

नुसत्या उंचीनं नाही येत. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक 1928 पासून हिमाचलातल्या कुलू खोऱ्यात, नग्गरला राहिले. त्यांची हिमालयाची चित्रं बघा: निळ्या-जांभळ्या रांगा एकामागे एक सपाट थरांत, आणि खाली कुठेतरी इवलासा माणूस. ती टेम्पेरात आहेत, म्हणजे अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांत; या रंगांना तेलरंगाची चकाकी नसते, त्यामुळे उजेड डोंगराच्या आतून आल्यासारखा वाटतो. जर्मनीत कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या चित्रकारानं 1808 मध्ये डोंगरमाथ्यावरचा क्रूस ख्रिस्ती उपासनेच्या वेदीसाठी रंगवला. निसर्गचित्राला वेदीवर जागा कशी, म्हणून तेव्हा मोठा वाद झाला.

मला सगळ्यात जास्त भिडते ती चिनी रीत. तिथे धुकं रंगवतच नाहीत, कागद कोरा सोडतात. जे दिसत नाही त्यालाही चित्रात जागा असते.

आपल्या कोल्हापूरकडचे डोंगर बेसाल्टचे, बरेचसे सपाट माथ्याचे. त्यांना हिमालयासारखं टोक देऊ नका, खोटं दिसतं. जोतिबाच्या डोंगराचा अर्थ मला तरी चढणीच्या वाटेत आणि गुलालात दिसतो. पावसाळ्यात पन्हाळ्यावरून स्केच करायला बसलात, तर ढगाच्या जागी पांढरा रंग लावू नका, कागदच राखा.