जर्मनीत रूट कॅनाल आणि कॅप: विद्यार्थी विम्यातून किती मिळतं?

सरकारी विद्यार्थी विमा आहे, दाढेला रूट कॅनाल आणि कॅप सांगितलीय, इथेच करू की भारतात जाईपर्यंत थांबू, असं विचारलंत. रूट कॅनालला थांबू नका. कॅपचं मात्र आधी कागदावर येऊ द्या.

पाटीवर 'आल्ले कासेन', म्हणजे सगळे सरकारी विमे चालतात, असं लिहिलेला दवाखाना बघा. 'प्रिवाटप्राक्सिस', म्हणजे खाजगी दवाखाना, असेल तर तिथे तुमचं कार्ड चालत नाही. फोनवर नुसती अपॉइंटमेंट मागितलीत तर कधीची मिळेल सांगता येत नाही, 'श्मेर्त्सन' म्हणजे दुखतंय असं सांगितलंत तर बहुधा लवकर बोलावतात.

दाढ वाचण्यासारखी असेल आणि विम्याच्या अटींत बसत असेल, उदाहरणार्थ तिच्यामुळे दातांची रांग अखंड राहत असेल, तर साधं रूट कॅनाल फुकट होतं. मायक्रोस्कोप वगैरेचे जादा पैसे सही घेऊन लावतात. सही करण्याआधी 'याशिवाय करता येईल का?' एवढं विचारा.

कॅपचं गणित वेगळं. डॉक्टर खर्चाचा आराखडा, म्हणजे 'हाइल उंड कोस्टेनप्लान', विमा कंपनीकडे पाठवतो. मंजुरी येण्याआधी काम सुरू झालं तर अनुदान बुडण्याची भीती असते. अनुदान ६० टक्के, पण तुमच्या बिलाच्या नव्हे, विम्याने ठरवलेल्या साध्या उपचाराच्या किमतीच्या. मागच्या दाढेला साधा उपचार म्हणजे धातूची कॅप. दातासारखी पांढरी सिरॅमिक हवी असेल तर अनुदान तेवढंच राहतं, वरचा फरक तुमचा. इथेच लोक फसतात. 'बोनुसहेफ्ट' या वहीत सलग ५ वर्षं तपासणीचे शिक्के असतील तर ७० टक्के, १० वर्षांना ७५. नवख्याकडे ते नसणारच, पण वही आजच मागून घ्या, फुकट मिळते.

विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा कोणी न सांगितलेली गोष्ट: उत्पन्न ठराविक मर्यादेखाली असेल तर 'हेर्टेफाल'चा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सवलतीचा, अर्ज करा. मंजूर झाला की धातूची कॅप पूर्ण फुकट, सिरॅमिक घेतली तरी दुप्पट अनुदान. हा अर्जही कामाआधीच.

दाताचा जादा विमा आता काढून या दाढेला फायदा नाही. डॉक्टरने आधीच सांगितलेलं काम बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

भारतात कॅप बसवलीत तर इथलं अनुदान मिळत नाही. शिवाय इथे बसवलेली कॅप २ वर्षांत बिघडली तर सहसा तोच डॉक्टर फुकट दुरुस्त करतो. हेर्टेफाल मंजूर झाला तर इथेच करा. नाही झाला आणि पांढरीच हवी असेल, तर आराखड्यातला स्वतःचा वाटा आणि भारतातला दर शेजारी ठेवून बघा. मात्र रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय फार दिवस ठेवलीत तर चिरू शकते.