काढा की गोळ्या, हे ठरवण्याआधी अण्णांना विचारा

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. त्यांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊनही तो उलटला व आता फुफ्फुसांत पसरला आहे. आजार पूर्ण बरा होणार नाही असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले असून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब अशा गोळ्या दिल्या आहेत. थोरल्या भावाचा एका वैदूवर विश्वास बसला आहे. रुग्णालयाची औषधे बंद करावीत, मीठ, दूध व धान्य सोडून फक्त काढा आणि फळांचा रस द्यावा, अशी त्या वैदूची अट आहे. त्यासाठी भाऊ अर्धा एकर जमीन विकायला निघाला आहे. आई गुपचूप गोमूत्र अर्क देते. आजार पसरल्याचे अण्णांना कोणी सांगितलेले नाही. मी गोळ्यांचा आग्रह धरला की ‘तुला अण्णा बरे व्हायला नको आहेत का’ असे ऐकावे लागते. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, अण्णा बरे व्हावेत असे तुम्हा सगळ्यांनाच वाटते आहे, आणि तुमच्या घरातल्या भांडणाचे मूळही तेच आहे. म्हणून भावाला चूक ठरवण्यापासून बोलण्याची सुरुवात करू नका.

डॉक्टरांनी गोळ्यांवर ठेवले म्हणजे हात वर केले, असा समज अनेक घरांत होतो, पण तो खरा नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर याच दोन गोळ्यांची सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या इंजेक्शनशी तुलना करण्यात आली; गालाचा कर्करोगही याच गटात मोडतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर इंजेक्शन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते, आणि गोळ्यांचा त्रासही कमी होता. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले आणि निम्मे कमी. ती अण्णांसाठी लिहून ठेवलेली मुदत नव्हे. हे आकडे लहान वाटतील. तरी ते मोजून, तपासून मिळालेले आहेत आणि या गोळ्यांसाठी जमीन विकावी लागत नाही.

वैदूंच्या अटींपैकी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आहाराची. तोंडाच्या कर्करोगात गिळणे अवघड होऊन वजन आधीच घटत असते. अशा माणसाचे दूध आणि धान्य तोडणे म्हणजे त्याची उरलेली ताकद काढून घेणे होय. अण्णांना भाताची पेज, मऊ खिचडी, दूध, पचत असेल तर अंडे, जे गिळता येईल ते द्या, आणि तेही जमेनासे झाले तर नळीने अन्न देण्याबाबत डॉक्टरांशी बोला. दुसरी काळजी औषधांच्या एकत्र येण्याची आहे. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे. काही काढ्यांत किंवा भस्मांत शिसे, पाऱ्यासारखे जड धातू असतात; त्यांनी मूत्रपिंडे दुखावली तर हे औषध अंगात साठते, तोंड सोलवटते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज दिली गेली तरीही जिवावर बेतू शकते, त्यामुळे तिचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट असल्याचे २०१८ चे एक अमेरिकी संशोधन अशा वादांत हमखास पुढे केले जाते. ते न पसरलेल्या, बरा होऊ शकणाऱ्या कर्करोगावरचे आहे. अण्णांच्या बाबतीत ते भावाच्या तोंडावर फेकणे योग्य होणार नाही. त्यापेक्षा वैदूंना भावाच्या देखत विचारा की काढ्यात काय काय आहे, गुण आला हे कशावरून ओळखायचे आणि चालू औषधे बंद करण्याची गरज का आहे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही भावाला सांगा. शिकलेला, नोंदणीकृत वैद्य कर्करोगतज्ज्ञाशी बोलून भूक किंवा झोपेसाठी काही सुचवत असेल तर ती गोष्ट वेगळी, तिला माझा विरोध नाही.

आईवर मात्र रागावू नका. चोरून दिलेल्या औषधाचा खरा धोका हा की त्रास कशाने झाला ते डॉक्टरांना कळतच नाही. तिला अर्क थांबवायला सांगताना दुसरे काम तिच्या हाती द्या : दिवसातून चार-पाच वेळा मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने अण्णांना चूळ भरायला लावणे, जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांनी दिलेले मेट्रोनिडाझोल लावणे. नवऱ्यासाठी आपण काहीतरी करतो आहोत, हे तिला जाणवले पाहिजे.

आता अण्णांबद्दल. मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्या माणसाला काहीच कळत नसेल असे मला वाटत नाही. सगळे एकदम सांगू नका, पण त्यांना विचारा : ‘अण्णा, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? पुढचं कोणी ठरवावं असं वाटतं?’ ‘तुम्हीच बघा’ म्हणाले, तर तोही त्यांचा निर्णय. मात्र जमीन त्यांच्या कष्टाची असेल, तर ती विकण्याचा विचार त्यांच्यापासून लपवणे मला अजिबात पटत नाही.

रुग्णालयात ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती वेदना व त्रास कमी करणारी सेवा आजच सुरू करा. ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील २०१० च्या अभ्यासात, ही सेवा सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण अधिक सुखाने आणि अधिक काळही जगले. वेदनेसाठी मॉर्फिन सुचवले तर ‘व्यसन लागेल’ म्हणून नाकारू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते सुरक्षित आहे. फक्त बद्धकोष्ठतेचे औषध सोबत सुरू करून घ्या. पुण्यात वारजे येथे सिप्ला या औषध कंपनीचे १९९७ पासूनचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र रुग्णाला नातेवाइकासह विनाशुल्क ठेवून घेते. सातारा जिल्ह्यातून तेच तुम्हाला सोयीचे पडेल.

पुढच्या भेटीला भावाला सोबत न्या आणि ‘गोळ्यांचा उपयोग होतो की नाही हे केव्हा व कसे ठरवणार’ हा प्रश्न त्यालाच विचारू द्या. उपयोग होत नसेल तर गोळ्या थांबवण्याचा सल्लाही तेच डॉक्टर देतील. ती तपासणी होईपर्यंत जमिनीचा इसार घेऊ नये, एवढे तरी त्याच्याकडून कबूल करून घ्या.