पूजेच्या दुकानात मिळणारी हत्थाजोडी आणि इंद्रजाल घ्यावं का?

पंचवटीतल्या दुकानदाराने हत्थाजोडी ‘मुळी’ आणि इंद्रजाल ‘समुद्री वनस्पती’ म्हणून दाखवलं. घ्यावं का, खरं कसं ओळखावं, असा तुमचा प्रश्न. घेऊ नका. ओळखण्याच्या फंदातही घरी पडू नका. कारण पुढे येईलच.

शेंदूर फासून डबीत ठेवलेली ‘अस्सल’ हत्थाजोडी बहुतेक वेळा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. त्याचे दोन भाग वाळल्यावर जोडलेल्या हातांसारखे दिसतात. इंद्रजाल म्हणजे सी-फॅन किंवा काळं प्रवाळ. समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत आहे. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत ती उपटून येते आणि किनाऱ्यावरून फ्रेममध्ये बसून नाशिकपर्यंत पोहोचते. तिला पानं नसतात. एकाच पातळीत पसरलेल्या, शिंगासारख्या चिवट काड्यांची जाळी असते.

कण जाळून पाहा, केस जळल्यासारखा वास आला तर अस्सल, असं विक्रेतेच सांगतात. त्या वासावरून वस्तू प्राणिज आहे एवढंच कळतं, प्राणी कोणता ते नाही. त्यासाठी डीएनए तपासणी लागते; ती डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्र संशोधन संस्था करते. प्लास्टिकच्या साच्यातल्या हत्थाजोड्याही बाजारात भरपूर आहेत, म्हणजे पैसेही गेले.

घोरपड, सी-फॅन आणि काळं प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. अशा वस्तू विकण्या-बाळगण्याची शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. 2022 च्या दुरुस्तीने दंडाची ही किमान रक्कम वाढवली. शिवाय कलम 57 मुळे वस्तू कायदेशीर आहे हे ज्याच्या ताब्यात सापडली त्यानेच सिद्ध करायचं असतं. ‘पुरावा म्हणून विकत घेतली’ म्हणणारा तिथेच अडकतो.

तक्रार करायची तर दुकानाच्या पाटीचा फोटो, तारीख-वेळ आणि सांगितलेली किंमत टिपून ठेवा. ऑनलाइन जाहिरात असेल तर लिंक आणि विक्रेत्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. व्हिडिओ आधी समाजमाध्यमांवर टाकू नका; छापा पडेपर्यंत माल गायब होतो. जप्ती, पंचनामा आणि नमुना सीलबंद करणं वनाधिकाऱ्यांवर सोडा. सील किंवा पंचनाम्यात गफलत झाली की चांगला खटलाही न्यायालयात ढासळतो.

घरात आधीपासून असेल तर गोदावरीत सोडू नका, कुणाला भेटही देऊ नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जासह जमा करून पोच घ्या. स्वतःहून जमा केल्याने आपोआप माफी मिळते असं मात्र नाही, म्हणूनच वकील आधी.

मोरपिसांचं वेगळं आहे. नैसर्गिकरीत्या गळलेली पिसं देशात विकता येतात, निर्यातीला बंदी आहे. देठाच्या टोकाला वाळलेलं रक्त किंवा मांसाचा तुकडा दिसला तर पीस उपटलेलं समजा. सिंहस्थात अशा वस्तूंना गिऱ्हाईक वाढणार हे उघड आहे, तेव्हा ठेल्यावर पिसांची जुडी घेताना देठ उलटून बघा.