जमिनीचा व्यवहार करण्याआधी

अनेक आशीर्वाद.

वाइनची द्राक्षं ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात होतात, मग २० अंशांवरच्या नाशकात कशी जमतात, असं विचारलंस. त्या पट्ट्यात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि उन्हाळा सरताना माल पिकतो. पार उत्तरेला, जर्मनीत मोझेल नदीकाठी, ऊनच अपुरं. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या चढांवर, तापणाऱ्या पाटीच्या दगडात रिसलिंग ही पांढऱ्या वाइनची जात लावतात. आपली अडचण नेमकी उलटी.

आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिचं वर्ष कात्री ठरवते. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे वेल आखूड छाटणं, तिच्यातून फक्त काडी (पुढे घड धरणारी फांदी) तयार करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात घड यावेत म्हणून फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. खाण्याच्या द्राक्षांसाठी बसलेली ही घडी वाइनलाही लागू पडली, कारण नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात. रात्र उबदार असली की मण्यातलं आम्ल झपाट्याने खर्च होतं. साखर भरते, वाइन मात्र सपक होते.

खरी कसोटी फळछाटणीच्या तारखेची. लवकर उरकलीस तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि केवडा हा बुरशीचा रोग येतो. लांबवलीस तर माल मार्चच्या उन्हात पिकतो. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां यांसारख्या पांढऱ्या जातींना हे ऊन जास्त बाधतं, त्यांचं आम्ल राखायचं असतं ना! शिराझ, कॅबरने या लाल वाइनच्या जाती थोडं सोसतात.

नुसतं ‘नाशिक जिल्हा’ म्हणून काही कळत नाही. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि शंभर किलोमीटरच्या आत, पूर्वेला निफाडला त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. म्हणून तालुक्याच्या नावावर भाव देऊ नकोस, गट, म्हणजे तो नेमका जमिनीचा तुकडा, बघ. खोल काळ्या रानाचा मोह धरू नकोस (ऊस लावायचा असता तर गोष्ट वेगळी). तिथे पाणी साठतं, पाला माजतो, मणी फुगतात, आणि वाइनला बारीक मणीच हवा. निचऱ्याची मुरमाड, उताराची जमीन बरी. खोलगट जागी दव रेंगाळतं, ती टाळ.

व्यवहाराआधी एक हंगाम त्या रानात कमाल-किमान तापमापक टांगून नोंदी ठेव. आणि रोपं सांगण्याआधी वाइनरीशी लेखी करार कर. शिराझचे घड मंडईत कोणी खायला घेत नाही.

तुझा,
काका