विंचवर पंखांना किती ताण येतो?

हडपसरला विंचवरून, म्हणजे जमिनीवरचं यंत्र केबल गुंडाळत ओढत असताना, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) चढताना पंखांची टोकं वर वाकलेली पाहिलीत, आणि 'आत बसल्यावर तर काहीच जाणवलं नाही, मग पंखांना धोका कसला?' असं विचारलंत. धोका त्या न जाणवण्यातच आहे.

एरवी स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, ओढली की अंग जड होतं, शरीर आपोआप सावध करतं. विंचवर केबल ग्लायडरच्या पोटाला खाली खेचते. ते ओझं पंख उचलतात, तुमच्या अंगावर काही येत नाही. एएसके 21 हा दोनआसनी ग्लायडर घ्या: जास्तीत जास्त वजन 600 किलो. काळी वीक लिंक, म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली कडी, 1000 डेकान्यूटनला तुटते. साधारण 1020 किलोची ओढ. चढाईच्या शेवटी केबल बरीचशी सरळ खाली असते. ओढ तिथवर पोचली, तर पंखांवर 1600 किलोंचा भार येतो, वजनाच्या 2.7 पट. जी-मीटर, म्हणजे अंगावरचं ओझं वजनाच्या किती पट (किती 'जी') ते दाखवणारं उपकरण, मात्र 1 च्या आसपासच. शिवाय मोकळ्या उड्डाणात 2.7 जी घेतले, तर पंखांचं स्वतःचं वजनही तितक्याच पटीने खाली दाबतं आणि मुळाशी येणारा वाक काहीसा कमी करतं. विंचवर ती मदत नाही, कारण जादा ओढ सगळी धडावर. म्हणून तोच 2.7 स्पारच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईच्या, मुळाला इथे जास्त जड जातो.

म्हणूनच या ग्लायडरची कमाल वेगमर्यादा ताशी 280 किलोमीटर असली, तरी विंचवर ती 150 च आहे. वेग वाढला की काहीजण तो कमी करायला स्टिक आणखी ओढतात. कृपा करून असं करू नका. जोरदार विंच त्याने मंदावत नाही. ग्लायडरचा वेगही वाढतो आणि पंखांवरचा भारही. त्यात वाऱ्याचा एखादा झोत आला की मग फक्त वीक लिंकच वाचवते. वेग जास्त झाल्याची खूण करा. तरी कमी होत नसेल, तर नाक खाली घेऊन केबल सोडा.

भार 2.7 पट झाला की स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्या खाली पंख भार उचलेनासे होतात तो वेग, दीडपटीहून जास्त होतो, हेही ध्यानात असू द्या. जमिनीजवळ घाईने नाक वर घेतलं, तर एक पंख आधी स्टॉल होऊन ग्लायडर उलटू शकतो.

एका क्लबात मी हलक्या, एकआसनी ग्लायडरला आदल्या दोनआसनीची काळी लिंक तशीच लावलेली पाहिली होती. लागायला हवी होती निळी, 600 डेकान्यूटनला तुटणारी. ते उड्डाण सुखरूप झालं आणि कोणाला काही वाटलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. वैमानिकाने केबल लावणाऱ्याला रंग मोठ्याने विचारलाच पाहिजे.

आणि थकवा. 12 जून 2010 ला ऑस्ट्रियात एका एल-13 ब्लानिक ग्लायडरचा पंख हवेत तुटला, दोघे गेले. स्पारच्या मुळाशी धातू पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने थकला होता. तो अपघात विंचचा म्हणून सांगत नाही. पण विंचवरचं प्रत्येक उड्डाण त्याच जागेला ताणाचा एक मोठा हेलकावा देतं, त्यामुळे लॉगबुकात तासांइतकीच विंच-उड्डाणांची संख्याही नीट लिहिली जाते का, हे तुमच्या प्रशिक्षकांना जरूर विचारा.